जेबकोचा समुद्रतळ नकाशा : रंग बघण्याआधी रेघा बघा

समुद्राच्या तळाचा नकाशा हवाय आणि खिशातून एक रुपयाही जायला नको, असं असेल तर सरळ जेबको (GEBCO) या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाकडे जावं. मी 2007 पासून यांची गिऱ्हाईक आहे. मूळची देवगडची. भूभौतिकीत एम.एस्सी. केलं, मग सर्व्हेच्या जहाजांवर डेटा प्रोसेसर म्हणून अकरा वर्षं काढली. आता वास्कोला असते आणि कॉलेजच्या मुलांना समुद्रतळाचे नकाशे वाचायला शिकवते. दरवर्षी पहिल्या तासाला हाच नकाशा उघडतो आणि दरवर्षी मुलं एकच चूक करतात. म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. जेबकोची सुरुवात 1903 साली मोनॅकोचा राजा पहिला आल्बर्ट याच्या पुढाकारानं झाली. तेव्हा कागदी नकाशे होते. आज हे काम आंतरराष्ट्रीय जलआलेखन संघटना आणि युनेस्कोचा महासागर आयोग मिळून चालवतात. दरवर्षी साऱ्या पृथ्वीचा एक ग्रिड, म्हणजे चौकटींची जाळी, बाहेर पडतो. चौकटीची बाजू 15 सेकंद (वेळेचे नव्हे, अक्षांश-रेखांशाचे; एका अंशाचे 3600 सेकंद), म्हणजे विषुववृत्ताजवळ सुमारे 450 मीटर. अशा 3 अब्ज 73 कोटींहून जास्त चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत मीटरमध्ये एक आकडा : जमीन असेल तर उंची, पाणी असेल तर खोली. मी पहिल्यांदा वापरला तेव्हा चौकट एका मिनिटाची होती, जवळजवळ 1.8 किलोमीटरची. 2009 मध्ये ती अर्ध्या मिनिटाची झाली, 2019 मध्ये 15 सेकंदांची. एका माणसाच्या नोकरीच्या काळात एवढा फरक पडलेला मी डोळ्यांनी पाहिला, याचं मला मनापासून अप्रूप आहे.

डाउनलोड करणं सोपं आहे. साइटवर चौकोन आखायचा, फॉरमॅट निवडायचा, टोपलीत टाकायचं, ई-मेल द्यायचा. खाती, नोंदणी, पैसे काही नाही. सगळं जग एकदम घेतलं तर उलगडल्यावर साडेसात जीबीच्या आसपास जातं, साधा लॅपटॉप त्याखाली दमतो. तसं करू नका. आपल्या किनाऱ्यासाठी रेखांश 66 ते 74 आणि अक्षांश 14 ते 20 एवढाच तुकडा घ्या. 1920 गुणिले 1440 चौकटी होतात, फाइल काही एमबीची. जिओटिफ फॉरमॅट घेतलं की क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट उघडतं.

उघडल्यावर काय दिसतं? मुंबईसमोरचा रुंद भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ तळ, तीनशे किलोमीटरपर्यंत पसरलेला. दक्षिणेकडे येता येता तो आक्रसत जातो. मग खंडान्त उतार, तिथं तळ एकदम कोसळतो. त्याच्या पश्चिमेला लक्ष्मी खोरं, सुमारे 3600 मीटर खोल. त्यात रामन आणि पणिक्कर हे दोन सागरी पर्वत आणि वाडिया नावाचा सपाट माथ्याचा तिसरा. सर सी. व्ही. रामन यांचं नाव लागलेला डोंगर आपल्या किनाऱ्यासमोर पाण्याखाली उभा आहे, हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकापर्यंत शांतता होते. 2015 मध्ये जॉइडेस रेझोल्यूशन या ड्रिलिंग जहाजानं याच खोऱ्यात भोकं पाडली. सिंधूनं आणून टाकलेला गाळ आणि त्याच्या पोटात गाडली गेलेली नटराज नावाची अजस्र दरड त्या भोकांतून वर काढलेल्या नमुन्यांत सापडली.

इथपर्यंत नकाशाला पाचपैकी पाच गुण. चूक होते ती यापुढे.

एक निळा-जांभळा रंगपट्टा लावला की सगळा तळ सारखाच खरा दिसायला लागतो. डोंगर दिसतो, दरी दिसते, उतार दिसतो. मुलं लगेच कर्सर नेतात आणि म्हणतात, मॅडम, इथं खोली 3412 आहे. चौथ्या आकड्यापर्यंत! तिथं कधी कोणी जहाज नेऊन मोजलंय का, हे त्या निळ्या रंगात कुठंच लिहिलेलं नसतं.

ते लिहिलेलं असतं दुसऱ्या थरात. डाउनलोड करताना खाली टीआयडी असा एक पर्याय येतो, त्याला टिक करा. या थरात प्रत्येक चौकटीला खोलीऐवजी एक सांकेतिक आकडा असतो : ही खोली आली कुठून? 10 म्हणजे सिंगल बीम (जहाजातून सरळ खाली एकच आवाज सोडून मोजलेली), 11 म्हणजे मल्टीबीम (एका वेळी तळाची रुंद पट्टी मोजणारं), 12 म्हणजे भूकंपीय सर्वेक्षणातून (तळाखालचे थर बघायला आवाजाच्या लाटा सोडतात ते). 40 म्हणजे उपग्रहानं मोजलेल्या गुरुत्वाकर्षणावरून बांधलेला अंदाज. 41 म्हणजे संगणकानं मधली जागा भरली. 42 म्हणजे जुन्या समोच्चरेषांवरून घेतलेली. 71 म्हणजे स्रोत माहीत नाही. आता 10 ते 17 या आकड्यांना लाल रंग द्या, बाकी सगळं करडं करा. पाहता पाहता समुद्र करडा होतो आणि त्यावर तांबड्या दोऱ्यासारख्या रेघा उरतात. त्या रेघा म्हणजे जहाजांच्या वाटा. मोजलेला समुद्र एवढाच.

मला या वस्तूचं सगळ्यात मोठं मोल वाटतं ते या थरात. अंदाज कुठला आणि माप कुठलं हे चौकटीगणिक सांगणारा नकाशा विकतच्या बाजारातही सहज मिळत नाही.

उपग्रहाचा अंदाज म्हणजे थाप नव्हे, हेही सांगायला हवं. पाण्याखाली दोन हजार मीटरचा डोंगर असेल तर त्याच्या ओढीनं वरचं पाणी तिथं दोनेक मीटर फुगतं. उपग्रह तो फुगवटा मोजतो आणि त्यावरून खालचा डोंगर ताडता येतो. उघड्या खडकाचे मोठे डोंगर यात बरे सापडतात. पण गाळाखाली गाडलेलं काही असलं की ही पद्धत अडखळते. बंगालच्या उपसागरात 85 अंश पूर्व रेखांशाच्या नावानं ओळखली जाणारी पर्वतरांग आहे, उत्तरेकडे ती गाळाखाली पूर्ण बुडालेली. वरचा तळ सपाट, आणि गुरुत्वाकर्षणात मात्र तिची खूण उमटलेली, तीही डोंगराला शोभेल त्याच्या उलट दिशेची. गंगा-ब्रह्मपुत्रेनं हिमालय खरवडून आणून तिथं जो गाळाचा पंखा घातलाय तो जगातला सर्वांत मोठा, सुमारे 3000 किलोमीटर लांब. अशा ठिकाणी उपग्रहाच्या आकड्यावर हात टेकून चालत नाही.

आता हे एवढं ताणून का सांगतेय? कारण एका कामात हा फरक म्हणजे देशाची हद्द असते.

संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारातलं 76 वं कलम सांगतं की किनारी देशाचा भूखंडमंच 200 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण 370 किलोमीटरपर्यंत, आपसूक त्याचा. त्यापलीकडे जमीन नैसर्गिकपणे पसरलेली असेल तर ती दाखवून द्यायची. कशी? आधी उताराचा पायथा शोधायचा. वेगळा पुरावा नसेल तर कलमानं पायथ्याची खूण दिली आहे ती अशी : उताराच्या तळाशी जिथं चढ सर्वांत जास्त बदलतो तो बिंदू. तिथून पुढं दोन वाटा. एक तर पायथ्यापासून 60 सागरी मैल पुढं जायचं. नाहीतर जिथपर्यंत गाळाची जाडी ही पायथ्यापासूनच्या अंतराच्या किमान 1 टक्का आहे तिथपर्यंत जायचं. पायथ्यापासून 200 किलोमीटरवरचा बिंदू हवा असेल तर तिथं 2 किलोमीटर गाळ दाखवायला लागतो. त्याला लगाम दोन : किनाऱ्याच्या आधाररेषेपासून 350 सागरी मैल, किंवा 2500 मीटर खोलीच्या रेषेपासून 100 सागरी मैल. मिळतं काय, तर तळ आणि तळाखालचं धन. वरचं पाणी आणि मासे त्यात येत नाहीत.

बंगालच्या उपसागरासारख्या ठिकाणी उतार इतका मंद आणि गाळ इतका जाड की नेहमीचं सूत्र लावलं तर किनारी देशावर अन्याय झाला असता. म्हणून श्रीलंकेच्या आग्रहावरून कराराच्या अंतिम दस्तऐवजाला दुसरं परिशिष्ट जोडलं गेलं, त्यात या उपसागराच्या दक्षिण भागासाठी वेगळी रीत आहे. भारतानं आपला दावा 11 मे 2009 रोजी असे दावे तपासणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढं ठेवला. त्याचं शास्त्रीय काम ज्या संस्थेनं पुढं होऊन केलं ती इथंच वास्कोला हेडलँड सडा इथं आहे, आजचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. दाव्याचा सारांश आणि नकाशे संयुक्त राष्ट्रांच्या साइटवर कुणालाही वाचता येतात. जेबको शेजारी उघडून ते जरूर वाचा.

मे 2009 हा योगायोग नव्हता. आयोगानं शास्त्रीय मार्गदर्शक सूचना 13 मे 1999 ला मंजूर केल्या, आणि त्याआधी करारात आलेल्या देशांना तिथपासून दहा वर्षं मिळाली. त्यामुळे 2007-08 मध्ये सर्व्हेच्या जहाजांना उसंत नव्हती. मी नव्यानं लागले होते, आणि हिंदी महासागरातल्या एका छोट्या देशाच्या दाव्यासाठी निघालेल्या जहाजावर माझी बारा तासांची रात्रपाळी लागली. लाइन प्लॅन, म्हणजे जहाजानं मोजत जायच्या रेघांचा आराखडा, आखला होता तो जेबकोच्याच एका मिनिटाच्या ग्रिडवर. उतार जिथं संपतो असं नकाशा म्हणत होता, त्याला काटकोनात आम्ही लाइन मारत होतो.

आठ नॉटचा वेग, म्हणजे ताशी 8 सागरी मैल. स्क्रीनवर पिंगमागून पिंग (तळाकडे सोडलेला आवाज), तळाची पट्टी वरून खाली सरकतेय. साडेतीन हजार मीटर पाण्यात एका पिंगला खाली जाऊन परत यायला पावणेपाच सेकंद लागतात, त्यामुळे पट्टी इतक्या सावकाश भरते की तिच्याकडे बघत चहा थंड होतो. नकाशानं सांगितलेली पायथ्याची जागा आली. तळ अजून उतरतच होता. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मी पार्टी चीफला, म्हणजे सर्व्हेच्या प्रमुखांना, उठवलं. ते डोळे चोळत येऊन मागं उभे राहिले, काही बोलले नाहीत. पाऊण तासानं तळ सपाट झाला. पाऊण तास म्हणजे 6 सागरी मैल. पायथा 6 मैल बाहेर सरकला, तर त्यावरून मोजलेली सीमाही त्या ठिकाणी 6 मैल बाहेर सरकते. मी चोवीस वर्षांची होते. एका देशाची हद्द माझ्या समोरच्या काचेवर सरकताना मी पाहिली.

आयोगाच्या सूचना या बाबतीत कडक आहेत, आणि ते योग्यच आहे. पायथा आणि 2500 मीटरची रेषा ठरवायला प्रत्यक्ष मोजणी लागते : सिंगल बीम, मल्टीबीम, भूकंपीय वगैरे. उपग्रहावरून काढलेली खोली फार तर जोडीला पुरावा म्हणून. म्हणजे टीआयडीतला 40 आकडा असलेल्या चौकटींवर सीमा उभी राहत नाही.

आणि मोजलेलं सुद्धा नीट मोजलेलं हवं. त्याच सफरीतली गोष्ट. आवाजाचा पाण्यातला वेग तापमानाप्रमाणे बदलतो, म्हणून ठरावीक वेळानं एक्सबीटी नावाची छोटी जस्ताच्या नाकाची नळी पाण्यात सोडतात. ती केसासारखी बारीक तांब्याची तार उलगडत खाली जाते आणि तापमान वर कळवते. तार जहाजाच्या अंगाला घासली की तुटते, म्हणून हात लांब धरून, वाऱ्याच्या आडोशाला उभं राहून सोडायची. त्या रात्री ती सोडली गेलीच नाही, आधीच्या संध्याकाळचाच प्रोफाइल, म्हणजे खोलीगणिक तापमानाची नोंद, चालू राहिला आणि आम्ही मधल्या काळात थंड पाण्याच्या भोवऱ्यात शिरलो. पहाटे पट्टीच्या दोन्ही कडा वर वळल्या. सपाट तळ कढईसारखा दिसायला लागला. मी दाखवलं, लाइन पुन्हा मारावी लागली, चौदा तास गेले. हे होतं, कामात चालतं. पण ज्या कंपनीनं मला नेमलं होतं तिच्या रोजच्या अहवालात त्या चौदा तासांसमोर ‘हवामानामुळे खोळंबा’ असं लिहिलं गेलं. समुद्र त्या दिवशी तेल ओतल्यासारखा होता. मला आजही ते खुपतं. डेटा चुकला तर दुरुस्त करता येतो. तो कसा आला हेच खोटं लिहिलं, तर पुढच्या माणसाला दुरुस्त करायला जागाच राहत नाही. जेबकोच्या टीआयडी थरावर माझा एवढा जीव का, ते यावरून कळेल.

आता त्रुटी. पहिली आणि मोठी : हा थर आपण टिक केला तरच येतो. माझ्या मते तो खोलीबरोबर आपोआप यायला हवा, आणि साइटवरचं पहिलं चित्र त्याच रंगात दिसायला हवं. दुसरी : स्रोत कळतो, पण चूक किती मीटरची असू शकते ते कळत नाही. जुन्या सिंगल बीमच्या 10 आणि नव्या काटेकोर मोजणीच्या 10 मध्ये फरक करता येत नाही.

तिसरी त्रुटी विद्यार्थ्यांनी डोळ्यांत तेल घालून बघावी. जिथं जहाजाची मोजलेली वाट आणि बाजूचा अंदाज एकमेकांना भिडतात तिथं शिवण दिसते, कधी पायरी पडते. 2009 मध्ये गूगल अर्थवर कॅनरी बेटांजवळ अशाच सरळ रेघांचं जाळं दिसलं आणि बुडालेलं अटलांटिस सापडल्याचा गवगवा झाला. त्या जहाजांच्या वाटा होत्या. आमच्या वर्गात याचं जास्त घातक रूप दिसतं. मुलं उताराचा पायथा काढायला चढातला बदल मोजणारी आज्ञा चालवतात, आणि संगणक सगळ्यात मोठा बदल म्हणून नेमकी ती शिवणच उचलतो. सुंदर, सरळ, चुकीचा पायथा! टीआयडी वर ठेवून बघितलं तरच लक्षात येतं.

किनाऱ्याजवळ हा नकाशा नेऊ नका. देवगडची खाडी 450 मीटरच्या चौकटीत काय दिसणार? नौकानयनासाठी वापरू नये असं साइटवर लिहिलंच आहे, ते अक्षरशः घ्या. आणि गाळाची जाडी यात नसते. तिच्यासाठी ग्लोबसेड नावाचा वेगळा ग्रिड आहे, पण तो 5 मिनिटांचा, म्हणजे चौकट 9 किलोमीटरची. अभ्यासाला ठीक. खऱ्या कामाला एअरगन (दाबलेल्या हवेनं आवाज करणारं यंत्र) आणि किलोमीटर-किलोमीटर लांब स्ट्रीमर (प्रतिध्वनी टिपणारी केबल) ओढत जहाजच न्यावं लागतं.

पर्याय म्हणून जिओमॅपअ‍ॅप बघा, तेही फुकट आहे आणि जिथं मल्टीबीम आहे तिथं जास्त बारकाईनं दाखवतं. 76 व्या कलमाची आकडेमोड करणारी जिओकॅप, कॅरिस लॉट्स अशी खास सॉफ्टवेअर आहेत, पण ती सरकारी कार्यालयांसाठी, कॉलेजला परवडणारी नाहीत.

सुधारणा होतेय हे मात्र दिसतं. 2017 मध्ये जपानच्या निप्पॉन फाउंडेशनबरोबर सीबेड 2030 हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा आधुनिक पद्धतीनं मोजलेला समुद्रतळ अवघा 6 टक्के होता. 2025 च्या जूनमध्ये तो 27.3 टक्क्यांवर आला. आयर्लंडनं आपला मोजलेला तळ सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. मलेशियाच्या एमएच370 विमानाच्या शोधात मोजलेला हिंदी महासागराचा तळ ऑस्ट्रेलियानं 2017 मध्ये जाहीर केला, आणि जिथं आधी उपग्रहाचा धूसर अंदाज होता तिथं कडे आणि दऱ्या उमटल्या. आपल्याकडच्या मोजण्यांनीही असाच करडा भाग लाल व्हावा अशी माझी फार इच्छा आहे.

गुण : पाचपैकी चार. टीआयडी आपोआप मिळायला लागला तर त्याच दिवशी पाच देईन.

गेल्या गणपतीला देवगडला गेले तेव्हा लॅपटॉपवर हाच तुकडा बाबांना दाखवला. बाबांनी चाळीस वर्षं मासेमारी केली. पाणी किती, हे ते वावात सांगतात. लहानपणी मी होडीत बसून सारखं विचारायचे, तेव्हा ते शिसं बांधलेली दोरी माझ्या हातात द्यायचे. “पाणी किती ता माका इचारू नको गो, दोरयेक इचार.” निळा रंग त्यांनी जरा वेळ बघितला, छान म्हणाले. मग मी तो बंद करून टीआयडी लावला. करड्यावर लाल रेघा.

“ह्यो कसल्यो?”

“बोटी गेल्या त्या वाटा.”

“म्हंजे इतक्याच बोटी गेल्यो थंय?”

“मोजत मोजत इतक्याच गेल्या, बाबा.”

त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला, खुर्ची पुढं ओढली आणि काचेवर बोट ठेवून एकेक रेघ मोजायला लागले.